पूर ओसरल्यावरचा ताप: कितव्या दिवशी कुठली तपासणी, आणि विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) किती?

कृष्णाकाठ_पलूस:

नमस्कार मंडळी. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी इशारा पातळीच्या, म्हणजे ४० फुटांच्या खाली गेलंय. इकडं पलूस-भिलवडी पट्ट्यात घरातला आणि गोठ्यातला गाळ काढायचं काम जोरात आहे. ग्रामपंचायतीच्या फलकासाठी आणि घरोघरी वाटायला एका पानाचं पत्रक करायचंय. नुसतं "पाणी उकळून प्या, परिसर स्वच्छ ठेवा" लिहिलं की लोक वाचत नाहीत, म्हणून नेमकी माहिती हवी.

ताप आला तर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), डेंग्यू, टायफॉइड, कावीळ यांतला फरक कसा ओळखायचा आणि प्रत्येकात अंगात होतं काय? पहिल्याच दिवशी "फिव्हर पॅकेज" करून सगळं निगेटिव्ह आलं की माणसं निर्धास्त होतात, तर कुठली तपासणी कितव्या दिवशी करायची? लेप्टोच्या गोळ्या गावभर वाटाव्यात का? आणि विहिरीत टीसीएल किती, तेही हिशेबासकट. जाणकारांनी लिहावं.

फिजिशियन_मिरज:

पत्रकात सगळ्यात वर दोन रिकाम्या जागा ठेवा: "पुराच्या पाण्यात कधी उतरलो" आणि "ताप कधी चढला". या दोन तारखा पेशंटनं नीट सांगितल्या तर डॉक्टरचं अर्धं काम तिथंच होतं, कारण प्रत्येक जंतूला अंगात मुरायला लागणारा वेळ वेगळा.

जुलाब-उलट्या पहिल्या आठवड्यातच सुरू होतात. लेप्टो साधारण आठवडा-दोन आठवड्यांनी दिसतो. टायफॉइडही आठवडा ते तीन आठवडे घेतो. डेंग्यूचा हिशेब वेगळा: साचलेल्या पाण्यात अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस, त्या डासानं आजारी माणसाला चावल्यावर विषाणू डासात पिकायला आणखी आठ-बारा दिवस, आणि मग तो ज्याला चावला त्याला ताप यायला चार ते दहा दिवस. म्हणून पुरामुळं वाढलेला डेंग्यू तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून जोर धरतो. हिपॅटायटीस ए ची कावीळ महिन्याभरानं, ई ची पाच-सहा आठवड्यांनी. तोवर पूर सगळे विसरलेले असतात आणि काविळीचा दोष कालच्या वडापाववर जातो.

लेप्टोवर जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडं अजून तो "मुंबई-कोकणातला आजार" समजला जातो.

हा स्क्रूसारखा पिळदार जीवाणू उंदरांच्या मूत्रपिंडात राहतो आणि त्यांच्या लघवीतून ओल्या मातीत, पाण्यात उतरतो. ओलावा असेल तिथं तो कित्येक आठवडे तग धरतो, कोरड्यात मात्र लगेच मरतो. माणसाच्या अंगात शिरायला त्याला मोठी जखम लागत नाही. चिखल्या झालेल्या बोटांच्या बेचक्या, पत्र्याचा ओरखडा, डोळ्यांत उडालेलं पाणी एवढं पुरतं. एकदा रक्तात गेला की तो बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर खराब करतो, आणि बाकीचं सगळं त्यातून येतं. स्नायू दुखावतात म्हणून पोटऱ्या इतक्या दुखतात की दाबू देत नाहीत. डोळे लाल होतात, पण चिपडं धरत नाहीत, पाणी गळत नाही. डोळे येण्यात आणि यात हाच फरक. यकृतातल्या पेशींचे सांधे सैल पडून पित्त रक्तात झिरपतं, म्हणून बिलिरुबिन (पित्ताचा पिवळा रंग) भरपूर वाढतं, पण एसजीपीटी (यकृताच्या पेशी दुखावल्याचा रक्तातला आकडा) त्या मानानं थोडंच, बहुतेकदा दोन-अडीचशेच्या आत. विषाणूच्या काविळीत उलटं: एसजीपीटी हजाराच्या पुढं जातं. शिवाय विषाणूच्या काविळीत डोळे पिवळे व्हायला लागले की ताप सहसा उतरतो. डोळे पिवळे आणि तापही चढलेलाच असेल, तर लेप्टो डोक्यात ठेवा.

मूत्रपिंडाचा प्रकार फसवा आहे. लेप्टोत सुरुवातीला लघवी व्यवस्थित होत असते आणि पोटॅशियम कमी असतं, तरी क्रिएटिनिन (किडनीचं काम बिघडल्याचा रक्तातला आकडा) चढत जातं. "लघवी होतेय म्हणजे किडनी ठीक" हा हिशेब इथं चालत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे फुप्फुसात रक्तस्राव: धाप, खोकला, थुंकीत रक्त, आणि तिथून काही तासांत व्हेंटिलेटरपर्यंत मजल. म्हणून धाप, डोळ्यांत पिवळेपणा, लघवी कमी होणं, गुंगी यातलं एकही दिसलं तर गावात सलाईन लावून वाट बघत बसू नये. त्याच दिवशी सांगली सिव्हिल किंवा मिरजेला हलवावं.

उपचार संशयावर सुरू करायचे, रिपोर्टसाठी थांबायचं नाही. सौम्य आजारात डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, ७ दिवस. गंभीर असेल तर शिरेतून पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रायक्सोन. पहिल्या डोसनंतर काही तासांत हुडहुडी भरून ताप वाढू शकतो. एकदम मेलेल्या जीवाणूंमुळं तसं होतं. ती औषधाची ॲलर्जी नसते, पण घरचे घाबरून गोळ्या बंद करतात.

आता डेंग्यू. यात मारतो तो ताप उतरण्याचा काळ. तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप खाली येतो, त्याच सुमारास रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपतं आणि रक्त घट्ट होतं. हे २४ ते ४८ तास सांभाळले की माणूस वाचला. लोक नेमके त्याच दिवशी बरं वाटलं म्हणून रानात जातात. पोटात सतत दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्या-नाकातून रक्त, हातपाय गार पडणं, सहा तास लघवी न होणं ही लक्षणं पत्रकात ठळक छापा. प्लेटलेटइतकंच पीसीव्ही (रक्तात तांबड्या पेशी किती टक्के, म्हणजे रक्त किती घट्ट) बघावं लागतं: ३८ चं ४६ झालं म्हणजे २० टक्क्यांहून जास्त वाढ, प्लेटलेट ८० हजार असले तरी हा पेशंट ॲडमिट. उलट रक्तस्राव नसेल तर ३० हजार असतानाही प्लेटलेट चढवायची गरज नसते. तापाला फक्त पॅरासिटामॉल. डायक्लोफिनॅकची सुई मारून ताप "तोडणं" डेंग्यूत रक्तस्रावाला आणि लेप्टोत किडनीला आमंत्रण देतं.

टायफॉइडचा ताप पायऱ्या चढतो, रोज संध्याकाळी आदल्या दिवशीपेक्षा थोडा वर. जीवाणू लहान आतड्याच्या शेवटच्या भागातल्या लसिका ग्रंथींत ठाण मांडतात, तिथं व्रण पडतात आणि उपचार झाले नाहीत तर तिसऱ्या आठवड्यात आतड्याला भोक पडू शकतं. बरोबर औषध सुरू असूनही ताप उतरायला चार-पाच दिवस लागतात. तिसऱ्या दिवशी "गुण नाही" म्हणून डॉक्टर आणि अँटिबायोटिक दोन्ही बदलणं ही इथली नेहमीची चूक.

हिपॅटायटीस ई बद्दल एकच ओळ लिहा, पण मोठ्या अक्षरात: गरोदर बाईला, त्यातही शेवटच्या तीन महिन्यांत, ही कावीळ जिवावर बेतते. तिला उतारा करायला किंवा नाकात औषध टाकायला न नेता त्याच दिवशी दवाखान्यात न्यावं आणि पीटी-आयएनआर (रक्त गोठायला लागणारा वेळ) बघावा.

पॅथलॅब_विश्रामबाग:

तपासणीच्या दिवसांबद्दल. तापाचा पहिला दिवस म्हणजे दिवस १, लॅबमध्ये आलात तो दिवस नव्हे. फॉर्मवर हे लिहून आणलं तर निम्मे घोळ टळतात.

दिवस १ ते ३: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), मलेरियाची स्लाइड, लघवी. प्लेटलेट बहुतेक नॉर्मलच येतात, पण पुढच्या रिपोर्टशी तुलना करायला पहिलं पीसीव्ही हाताशी असावं. डेंग्यूची एनएस-१ (विषाणूचं प्रथिन शोधणारी तपासणी) दिवस १ ते ५ मध्येच उपयोगाची, आणि झटपट कार्डपेक्षा लॅबमधली एलायझा पद्धत भरवशाची. सहाव्या दिवसानंतर एनएस-१ निगेटिव्ह म्हणजे डेंग्यू नाही असं नव्हे. तिथून पुढं आयजीएम (आजारात आधी तयार होणारी प्रतिद्रव्यं) बघायचं. एकटं आयजीजी (नंतर तयार होऊन टिकणारी प्रतिद्रव्यं) पॉझिटिव्ह असेल तर तो बहुतेकदा जुन्या डेंग्यूचा माग असतो.

लेप्टो आयजीएम सहाव्या-सातव्या दिवसाआधी निगेटिव्ह आलं तर त्याला काडीची किंमत नाही. आठवड्यानं परत करा. पहिल्या आठवड्यात पीसीआर (जंतूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी) उपयोगी, पण ते सगळीकडं होत नाही. सीपीके (स्नायू दुखावल्यावर रक्तात वाढणारं) वाढलेलं, प्लेटलेट कमी, क्रिएटिनिन दीडच्या वर आणि पाण्यात उतरल्याचा इतिहास, एवढं जुळलं की डॉक्टर थांबत नाहीत.

टायफॉइडची खरी तपासणी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघणं. पहिल्या आठवड्यात, आणि अँटिबायोटिकची पहिली गोळी पोटात जायच्या आधी. मोठ्या माणसाचं ८ ते १० मिलिलिटर रक्त लागतं. रक्तात जीवाणू मुळात तुरळक असतात, त्यामुळं दोन-तीन मिलिलिटर टाकून पाठवलेली बाटली निगेटिव्ह येणारच. रक्त घातलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवायची नाही, तशीच लॅबला पोचवायची. यंत्रात जीवाणू वाढत असतील तर बहुधा दोन-तीन दिवसांत समजतं, निगेटिव्ह म्हणायला पाच दिवस.

आणि नमुन्याच्या दोन खोड्या, ज्यांच्यामुळं पुरानंतरचे रिपोर्ट हमखास चुकतात. सिरिंज जोरात ओढली किंवा बारीक सुईनं घाई केली की तांबड्या पेशी फुटतात आणि पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसतं. वर डॉक्टरांनी लेप्टोतलं कमी पोटॅशियम सांगितलंय ते मग झाकलं जातं. दुसरं, जांभळ्या टोपणाची बाटली भरल्यावर लगेच आठ-दहा वेळा हळू उलटी-सुलटी केली नाही तर बारीक गुठळी धरते, मशीन ४० हजार प्लेटलेट दाखवतं आणि अख्खं घर हवालदिल होतं. मशीनवर कमी आलेले प्लेटलेट स्लाइडवर बघितल्याशिवाय रिपोर्ट देऊ नये. पेशंटनंही "स्लाइड बघितली का?" असं बिनधास्त विचारावं.

ऊसवाला_वाळवा:

लॅबवाल्या दादा, विडाल (टायफॉइडची नेहमीची रक्ततपासणी) १:१६० आलं तर टायफॉइड धरायचा का? आमच्याकडं दर तापाला विडाल होते आणि दर तिसरा माणूस "टायफॉइड निघाला" म्हणून सुया घेतो.

पॅथलॅब_विश्रामबाग:

एका विडालवर धरू नका. ती शरीरानं बनवलेली प्रतिद्रव्यं मोजते, जंतू नाही. पहिल्या आठवड्यात प्रतिद्रव्यं तयारच नसतात, म्हणून खरा टायफॉइड असूनही निगेटिव्ह येते. आणि आधी कधी झालेला टायफॉइड, लस किंवा दुसराच एखादा ताप यामुळं खोटी पॉझिटिव्ह येते. आठ-दहा दिवसांच्या अंतरानं दोनदा करून टायटर (प्रतिद्रव्यांचं प्रमाण) चौपट झालं, म्हणजे ८० चं ३२०, तर त्याला अर्थ आहे. पण तोवर पेशंट एकतर बरा झालेला असतो नाहीतर ॲडमिट. विडालचे पैसे कल्चरला घाला. कार्डावरच्या झटपट टायफॉइड टेस्टचंही फार वेगळं नाही.

आरोग्यसेवक_मिरज_पूर्व:

विहिरीचा हिशेब. दोरीला दगड बांधून पाण्याची खोली मोजा, विहिरीचा व्यास मोजा, दोन्ही मीटरमध्ये. व्यास गुणिले व्यास गुणिले खोली गुणिले ०.७८५, हे झालं घनमीटर. प्रत्येक घनमीटर म्हणजे हजार लिटर. हजार लिटरला २.५ ग्रॅम टीसीएल, ३३ टक्के क्लोरीनची. समजा व्यास ३ मीटर, पाणी ४ मीटर: ३ × ३ × ४ × ०.७८५ म्हणजे २८ घनमीटरच्या थोडं वर, म्हणजे ७० ग्रॅम. पोतं २५ टक्क्यांवर आलं असेल तर हजार लिटरला ३.३ ग्रॅम धरा. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरूच नका. पुरात ग्रामपंचायतीच्या खोलीत ओल धरलेलं पोतं असेल तर ते आधी तपासून घ्या, ओल आणि उजेड दोन्हींनी क्लोरीन उडतं.

पावडर वरून विहिरीत भिरकावायची नाही. प्लॅस्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात लापशीसारखी कालवा, एका बादलीला १०० ग्रॅमपेक्षा जास्त नको. मग बादली पाऊण भरून ढवळा आणि दहा मिनिटं ठेवा. चुना तळाला बसतो. वरचं निवळ दुसऱ्या बादलीत ओता, ती बादली दोरीनं पाण्याच्या पातळीखाली सोडून वर-खाली आणि गोल हलवा. तळाचा चुना विहिरीत घातला तर फक्त पाण्याचा जडपणा वाढतो. तासभर पाणी उपसायचं नाही.

हे झालं रोजचं. पुराचं पाणी आत गेलेल्या विहिरीला एवढ्यानं भागत नाही. आधी मोटर लावून गाळासकट उपसा, कठडा आणि आतली भिंत घासा, पाणी परत भरू द्या, मग हजार लिटरला १५० ग्रॅम टाका. वरच्याच विहिरीला म्हणजे सव्वाचार किलो. १२ तास ठेवून ते पाणी उपसून टाका, प्यायचं नाही, जनावरांनाही पाजायचं नाही. गढूळ पाण्यात टीसीएल टाकून उपयोग नसतो, गाळच क्लोरीन खाऊन टाकतो.

नळ योजना असेल तर टाकीपाशी नव्हे, शेवटच्या घराच्या नळाला ओटी टेस्ट (क्लोरीन मोजायची रंगाची चाचणी) करा. थेंब टाकल्यावर पिवळा रंग दहा सेकंदांच्या आत वाचायचा. उशीर केला की दुसऱ्या पदार्थांशी बांधलेलं क्लोरीनही मोजलं जातं आणि आकडा फुगतो. टोकाला ०.२ पीपीएम (लिटरला ०.२ मिलिग्रॅम) हवंच, जुलाब-काविळीची साथ सुरू असेल तर ०.५. गटारातून गेलेली पाइप आणि एक दिवसाआड पाणी, ही जोडी सगळ्यात वाईट. पाणी बंद असताना पाइप आत ओढून घेते आणि गळतीच्या जागी गटाराचं पाणी शिरतं. म्हणून पाणी सुटल्यावर पहिली पाच मिनिटं पिण्याचं भरू नये.

रस्त्याच्या कडेनं कोरड्या पावडरची पांढरी रेघ मारून फोटो काढतात, त्यानं काही मरत नाही. तीच पावडर घरातली फरशी धुवायला द्या: लिटरला ३० ग्रॅम, गाळ धुऊन काढल्यानंतर, अर्धा तास ठेवून. त्यात संडास साफ करायचं ॲसिड मिसळू नका, विषारी वायू सुटतो.

फार्मसी_इस्लामपूर:

गोळ्या गावभर वाटू नयेत. लेप्टो टाळायला डॉक्सिसायक्लिन २०० मिलिग्रॅम आठवड्यातून एकदा, तेही पाण्यात-गाळात उतरून काम करणाऱ्यांना, पायाला जखम किंवा चिखल्या असणाऱ्यांना, आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी सांगितल्यावर. काम सुरू आहे तेवढे आठवडे. ही गोळी घेतली म्हणजे लेप्टो होणारच नाही असं नाही, ताप आला तर दवाखाना गाठायचाच.

जेवणानंतर पूर्ण ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही. घोटभर पाण्यात गिळून झोपलं की गोळी अन्ननलिकेत चिकटते, तिथं व्रण होतो आणि दोन दिवस गिळता येत नाही. लोह, कॅल्शियम, पित्ताचं पातळ औषध यांच्या आगेमागे दोन तास नको, नाहीतर गोळी पचनीच पडत नाही. ऊन लागून कातडी भाजू शकते, तर रानात पूर्ण बाह्या घाला. गरोदर बायका आणि ८ वर्षांखालची मुलं यांना नाही. त्यांच्यासाठी डॉक्टर दुसरं औषध देतात.

चिखल्यांना दुकानात "खाज-गजकर्णाची ट्यूब" मागितली की बऱ्याचदा स्टेरॉइड मिसळलेलं मलम हातात येतं. दोन दिवस खाज थांबते, बुरशी मात्र पसरत जाते. पाकिटावर बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल वाचलं तर परत द्या. साधं क्लोट्रिमॅझोल १ टक्का दिवसातून दोनदा, बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या केल्यावर, आणि खाज थांबल्यावरही दोन आठवडे. पाय लाल, गरम, सुजलेला असेल, जांघेत अवधान (गाठ) आलं असेल तर ते बुरशीचं राहिलं नाही. सेल्युलायटीस (कातडीखालचा जंतुसंसर्ग) आहे, मलमानं जाणार नाही. पत्र्यानं कापलं असेल आणि धनुर्वाताची शेवटची सुई पाच वर्षांहून जुनी असेल, तर टीडी (धनुर्वात-घटसर्पाची लस) घ्या.

कृष्णाकाठ_पलूस:

सगळ्यांचे आभार. तारखांच्या दोन रिकाम्या जागा पत्रकात सगळ्यात वर घेतल्या, विहिरीचं गणित मागच्या बाजूला. एक राहिलं: गोठ्यात दोन-तीन म्हशी गाभडल्यात असं ऐकतोय. त्याचा याच्याशी काही संबंध?

फिजिशियन_मिरज:

असू शकतो. लेप्टो गुरांनाही होतो: गाभडणं, दूध एकदम आटणं, वासरांची लघवी लालसर होणं. पण गाभडायला ब्रुसेल्ला या जीवाणूसारखी आणखीही कारणं असतात, आणि ब्रुसेल्लाही माणसाला होतो. म्हणून आधी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवून जनावरांचं रक्त तपासायला द्या. पडलेला गर्भ आणि वार उघड्या हातानं उचलायची नाही. रबरी हातमोजे घालून खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायची, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर दगड. गोठ्यातलं मूत खराट्यानं जोरात उडवत झाडू नका, पाणी हळू सोडून नालीकडं ढकला, पायांत गमबूट घालून. त्या म्हशींचं दूध तपासणी होईपर्यंत वेगळं काढा आणि घरात कुणीही, लहान पोरंसुद्धा, धारोष्ण पिऊ नये. गोठ्यात राबणाऱ्यांपैकी कुणाला ताप आला तर डॉक्टरांना म्हशी गाभडल्याचं आपणहून सांगा, ते विचारतील याची वाट बघू नका.